पटावरील राजाचे बळ : एक अभ्यास



बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक बाजूस सोळा मोहरी असतात. त्यांपैकी पंधरा मोहरी मारली गेली तरी डाव चालू राहू शकतो. परंतु एक मोहरे अडकले की डाव त्याच क्षणी संपतो. ते मोहरे म्हणजे राजा. साऱ्या सैन्याचा नायक तोच. आणि तरीही आपल्या शाळेतील खेळाडूंना ‘पटावरील सर्वांत दुबळे मोहरे कोणते?’ असे विचारले, तर प्याद्याखालोखाल पुष्कळ जण राजाचेच नाव घेतात. ‘राजा एकच घर चालतो, त्याला सतत जपावे लागते, तो कोणाच्या उपयोगी पडत नाही,’ असा एक समज रूढ झालेला आहे.

हा समज कितपत खरा आहे, याची परीक्षा करण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे. या समजापायी जिंकलेले डाव बरोबरीत सुटतात आणि बरोबरीचे डाव हरले जातात, म्हणून ही परीक्षा केवळ करमणुकीची नाही. शिवाय नायकाचे बळ कशात असते, हा प्रश्न पटापुरता थोडाच आहे?

खेळाचे कूळ

बुद्धिबळ हा मुळात युद्धाचाच खेळ. आपल्या देशात त्याला ‘चतुरंग’ म्हणत. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशी सैन्याची चार अंगे त्यात होती. येथून तो इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या खेळाचे विवेचन आहे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘नीतिमयूख’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचे घराणे मूळ पैठणचे व पुढे काशीस स्थायिक झालेले. हा ग्रंथ राजनीतीचा, आणि त्यातही बुद्धिबळाला स्थान दिलेले आहे. राजनीती शिकणाऱ्याला पटावरचे शहाणपणही ठाऊक असावे, असेच जणू ग्रंथकाराला वाटले असावे.

आपण ‘शह’ म्हणतो तो शब्दही पाहण्यासारखा आहे. फारसी भाषेत ‘शाह’ म्हणजे राजा. ‘शह’ देणे म्हणजे ‘राजा, सांभाळ!’ अशी हाकच होय. ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला. लक्षात घ्या, राजा ‘मारला’ असे कोणी म्हणत नाही. बाकीची मोहरी मारली जातात. राजा मात्र निरुपाय होतो. आपले गुजराती मित्र या खेळाला ‘शतरंज’ म्हणतात, पण हत्ती, घोडा, उंट, वजीर ही नावे त्यांची आणि आपली जवळजवळ एकच. गोडादऱ्यात एका ओट्यावर बसून मराठी व गुजराती मुलांना डाव मांडण्यास कोणतीही अडचण पडत नाही, ती यामुळेच.

युरोपात पुढे याच खेळापासून युद्धाचे अधिक गुंतागुंतीचे खेळ निघाले. 1780 मध्ये ब्रुन्स्विक येथील हेल्विग याने पट पुष्कळ मोठा करून त्यावर निरनिराळी भूमी दाखविली. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ याने सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा खेळ सिद्ध केला. 1913 मध्ये प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स याने ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात लहान खेळण्यातील शिपाई घेऊन घरात लढाई कशी खेळावी, ते सांगितले. आज अशा चिमुकल्या शिपायांचे अनेक खेळ परदेशी खेळले जातात. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतो. तसेच मावळे नियम लावून चालवावेत, अशी कल्पना करा. त्या खेळांत बहुधा प्रत्येक तुकडीला एक नायक असतो, आणि त्याची किंमत ठरविताना खेळाडू काही ठरावीक प्रश्न विचारतात. तो स्वतः किती चालतो व किती लढतो? त्याच्यामुळे इतरांचे बळ किती वाढते? आणि तो पडला तर हानी किती होते?

हेच तीन प्रश्न आपण आपल्या राजाला लावून पाहू.

पहिला प्रश्न : राजा स्वतः किती बलवान?

यासाठी थोडे गणित करावे लागेल. रिकामा पट घ्या. त्याला चौसष्ट घरे आहेत. राजा मधल्या घरात असला, तर त्याला आठ घरांत जाता येते. कडेच्या घरात असला तर पाच. आणि कोपऱ्यात असला तर फक्त तीन. मधली घरे 36, कोपरे वगळून कडेची घरे 24, आणि कोपरे 4. म्हणून सर्व घरांची मिळून बेरीज अशी :

36 × 8 + 24 × 5 + 4 × 3 = 288 + 120 + 12 = 420.

तिला 64 ने भागले म्हणजे सरासरी 6.56 येते. म्हणजे राजाला एका घरातून सरासरीने साडेसहांहून थोड्या अधिक घरांत जाता येते. याच रीतीने इतर मोहऱ्यांचे गणित केले तर घोड्याची सरासरी 5.25, उंटाची 8.75, हत्तीची 14 आणि वजिराची 22.75 येते. विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः पडताळून पाहावेत; गणिताच्या वहीत एक पान खर्च होईल, पण वाया जाणार नाही.

काय दिसले? राजाची सरासरी घोड्यापेक्षा जास्त आहे! घोडा उड्या मारतो आणि आडव्या आलेल्या मोहऱ्यांना जुमानत नाही, हे खरे. पण त्याच्या शेजारचे एकही घर त्याच्या ताब्यात नसते. राजा आपल्या भोवतीच्या आठही घरांवर सारखीच नजर ठेवतो. त्याच्या अंगाशी आलेल्या निराधार प्याद्याला सुटका नाही. अनुभवी खेळाडू प्याद्याचे मोल एक, घोड्याचे व उंटाचे प्रत्येकी तीन, हत्तीचे पाच आणि वजिराचे नऊ धरतात. राजाला असे मोल लावता येत नाही, कारण तो देता-घेता येत नाही. परंतु केवळ लढवय्या म्हणून पाहिले, तर त्याचे बळ सुमारे चार प्याद्यांइतके भरते, असे जाणकारांचे मत आहे. म्हणजे घोडा किंवा उंट यांच्याहून सरस.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या काळी वजीर आजच्यासारखा बलाढ्य नव्हता. तो फक्त तिरप्या दिशेने एक घर चाले. त्याची सरासरी काढली तर ती 3.06 येते, म्हणजे राजाच्या निम्म्याहूनही कमी. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला आजची चाल मिळाली, आणि तो एकदम सात पटींहून अधिक बलवान झाला. राजा मात्र जसाच्या तसा राहिला. राजा दुबळा झाला नाही. त्याच्या शेजारचा मंत्री मोठा झाला, म्हणून तो दुबळा दिसू लागला.

मग राजा लपतो का?

वरचे गणित रिकाम्या पटाचे आहे. डावाच्या आरंभी पट भरलेला असतो आणि राजाला एक बंधन असते, जे दुसऱ्या कोणत्याही मोहऱ्याला नाही : शत्रूच्या माऱ्यातील घरात त्याला पाऊल ठेवता येत नाही. ज्या मोहऱ्याला जोर आहे, ते त्याला मारता येत नाही. वजीर, दोन हत्ती, दोन उंट आणि दोन घोडे समोर उभे असताना पटाचा मध्यभाग राजासाठी काटेरी रान होऊन बसतो. त्याच्या साडेसहा घरांपैकी एखाद-दुसरे घर उरते, तर कधी एकही नाही. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ या न्यायाने तेव्हा त्याने आडोशाला बसणेच योग्य.

याचसाठी आजच्या खेळात किल्लेकोटाची सोय आहे. राजा व हत्ती दोघेही तोवर हललेले नसावेत, मध्ये कोणी नसावे, राजाला शह नसावा, आणि तो ज्या घरांवरून जाईल व ज्या घरात बसेल ती घरे शत्रूच्या माऱ्यात नसावीत; मग राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत किल्लेकोट नव्हता. तेथे राजाला शह बसलेला नसेल, तर डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी घेण्याची मुभा असे. साधन निराळे, पण हेतू एकच : गर्दी वाढण्यापूर्वी नायकाला सुरक्षित जागी न्यावे.

हे न केल्यास काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण 1912 साली लंडन येथे घडले. एडवर्ड लास्कर व जॉर्ज थॉमस यांचा डाव चालू होता. लास्करने आपला वजीर बळी देऊन थॉमसचा राजा बाहेर ओढला. काळा राजा किल्लेकोटातच होता, पण त्याचे रक्षक दूर होते. शहामागून शह बसत गेले, आणि सात चालींत तो राजा आपल्या घरापासून पांढऱ्याच्या अगदी पहिल्या रांगेपर्यंत फरफटत गेला. शेवटची मात कशी झाली, ते अधिक लक्षणीय आहे. अठराव्या चालीस लास्करने आपला राजा एक पाऊल बाजूला घेतला; त्यामुळे मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली आणि उठता शह बसून मात झाली. एक राजा एकटा पडून पटभर धावला, आणि दुसऱ्या राजाने एकच पाऊल उचलून डाव जिंकला. नायक किती धावला याला महत्त्व नाही; त्याचे पाऊल सैन्याशी जुळलेले आहे की नाही, याला आहे.

दुसरा प्रश्न : राजामुळे इतरांचे बळ किती वाढते?

‘राजा बोले, दळ हाले’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पटावरचा राजा बोलत नाही. तो शेजारी उभा राहतो आणि जोर देतो. एक साधे उदाहरण घ्या. तुमच्याजवळ एक हत्ती व राजा आहे, आणि शत्रूजवळ नुसता राजा. हत्ती पाच प्याद्यांइतका बलवान. तरीही एकट्या हत्तीने मात होणार नाही. तो शत्रूच्या राजाला एका बाजूस कोंडील, पण कोंडलेल्या राजाची शेवटची घरे बंद करण्यासाठी तुमच्या राजालाच चालत जावे लागेल. दोन राजे एकमेकांच्या लगत येऊ शकत नाहीत. त्यामुळे समोर उभा राहिलेला राजा शत्रूच्या राजाची तीन घरे एकदम अडवितो. हत्तीला विजयी करतो तो राजा.

याहूनही स्पष्ट उदाहरण राजा आणि प्यादे यांचे आहे. पटाच्या उभ्या रांगांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ असे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवून पट मांडा.

पहिली मांडणी : पांढरा राजा ई६ वर, पांढरे प्यादे ई५ वर, काळा राजा ई८ वर. राजा प्याद्याच्या पुढे आहे. चाल पांढऱ्याची असली तर राजा डी६, काळा राजा डी८, प्यादे ई६, काळा राजा ई८, प्यादे ई७, काळा राजा एफ७, पांढरा राजा डी७. आता प्याद्याचा वजीर होणे कोणीही थांबवू शकत नाही. चाल काळ्याची असली तरी निकाल तोच : काळा राजा डी८ वर गेला तर पांढरा राजा एफ७ वर जाऊन प्याद्याची वाट मोकळी करतो.

दुसरी मांडणी : पांढरे प्यादे तेथेच, ई५ वर, परंतु पांढरा राजा त्याच्या मागे ई४ वर, आणि काळा राजा ई७ वर. चाल पांढऱ्याची. पांढरा राजा डी५, काळा राजा डी७. प्यादे ई६ शह, काळा राजा ई७. पांढरा राजा ई५, काळा राजा ई८. पांढरा राजा डी६, काळा राजा डी८. प्यादे ई७ शह, काळा राजा ई८. आता प्यादे वाचवायचे तर पांढऱ्या राजाला ई६ वर यावे लागते. आणि तो आला की काळ्याला शहही नाही व चालायला घरही नाही. डाव बरोबरीत सुटला.

दोन्ही मांडणींत मोहरी तीच, आणि प्यादेही त्याच घरात. फरक एवढाच, की एकीकडे राजा प्याद्याच्या पुढे चालत होता आणि दुसरीकडे मागून ढकलत होता. पुढे चालणारा नायक प्याद्याचा वजीर करून दाखवितो. मागे राहिलेल्या नायकाचे प्यादे प्यादेच राहते. जुने मराठी खेळाडू प्याद्याने केलेली मात सर्वांत मोठी मानीत, त्यामागेही हीच दृष्टी असावी : लहानाकडून मोठे काम करवून घेणे, हे खरे कौशल्य.

राजाची दुहेरी वाट

राजाच्या बळाचे सर्वांत सुंदर दर्शन रिखार्ड रेटी या चेक खेळाडूने 1921 मध्ये रचलेल्या एका कोड्यात होते. पट मांडा : पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६, काळा राजा ए६, काळे प्यादे एच५. चाल पांढऱ्याची. पांढऱ्याने डाव बरोबरीत सोडवायचा आहे.

प्रथमदर्शनी हे अशक्य दिसते. काळे प्यादे एच१ कडे धावत सुटणार. पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे आहे. उलट पांढरे प्यादे काळ्या राजाच्या हाताशी आहे. सरळ पाठलाग केला तर काहीच साधत नाही. मग रेटीचा राजा काय करतो? तो तिरपा निघतो : जी७. काळे प्यादे एच४. राजा एफ६. आता पांढऱ्या राजाचा रोख दोन्हीकडे आहे. काळे प्यादे असेच पळत सुटले, तर तो आपल्या प्याद्याच्या मदतीस पोहोचतो. म्हणून काळा राजा बी६ वर येतो. पांढरा राजा ई५! काळ्याने सी६ वरचे प्यादे मारले, तर राजा एफ४, प्यादे एच३, राजा जी३, आणि पळते प्यादे हाती सापडले. काळ्याने न मारता एच३ केले, तर राजा डी६, प्यादे एच२, प्यादे सी७, काळा राजा बी७, पांढरा राजा डी७. दोघांचेही वजीर होतात आणि डाव बरोबरीत सुटतो.

यातील मर्म भूमितीचे आहे. एच८ पासून एच२ पर्यंत सरळ खाली जायला राजाला सहा पावले लागतात. आता तिरप्या वाटेने मोजा : जी७, एफ६, ई५, एफ४, जी३, एच२. हीही सहाच! कागदावर वळणाची वाट लांब असते. पटावरच्या राजाला मात्र ती तितकीच पडते. म्हणून एकही पाऊल न गमावता तो दोन कामे एकाच वेळी साधू शकतो. राजाची चाल एका घराची आहे खरी. पण तिला आठही दिशा मोकळ्या आहेत, हे त्याचे खरे बळ.

तिसरा प्रश्न : नायक पडला तर?

येथे पटाचा नियम अत्यंत कठोर आहे. राजा निरुपाय झाला की बाकी सैन्य कितीही असो, डाव संपला. खऱ्या रणांगणावरही असे घडलेले आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि सदाशिवरावभाऊ स्वतः गर्दीत शिरले. दोघेही दिसेनासे झाल्यावर फौजेचा धीर सुटला.

आपल्या सुरत शहराच्या इतिहासातही असा एक क्षण येऊन गेला आहे. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले आणि त्यांनी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ दिला. शहराचा सुभेदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. त्याने बोलणे करण्याच्या मिषाने एक तरुण पाठविला. त्याने एकाएकी महाराजांवर कट्यारीने धाव घेतली. जवळच्या रक्षकाने वार करून त्याचा हात तोडला, तरी त्या झोंबाझोंबीत तो महाराजांच्या अंगावर कोसळला. रक्त पाहून महाराज मारले गेले अशी आवई उठली आणि तळावर कैद्यांच्या कत्तलीची ओरड सुरू झाली. महाराज उठून उभे राहिले व त्यांनी ती आवरली. त्या स्वारीत सुरतेच्या रहिवाशांनी फार सोसले, हे आज या शहराचेच रहिवासी असलेल्या आपण विसरता कामा नये. परंतु नायकाचे मोल कळण्यासाठी तो एक क्षण पुरेसा आहे. नायक दिसेनासा झाला, तेव्हा सैन्य सूडाने बेभान होऊ पाहत होते. तो उभा राहिला आणि शिस्त परत आली.

याच महाराजांनी ऑक्टोबर 1670 मध्ये सुरतेहून परतताना निराळी चाल केली. दाऊदखान कुरेशी मागावर आहे असे कळताच त्यांनी मिळालेले द्रव्य पुढे रवाना केले आणि वणी-दिंडोरीजवळ स्वतः पाठीशी राहून झुंज दिली. तेव्हा नायकाने पुढे होणे आवश्यक होते आणि ते झाले. राजाने केव्हा आडोशाला बसावे आणि केव्हा मैदानात उतरावे, याचे उत्तर त्याच्या पराक्रमावर जितके अवलंबून आहे, तितकेच वेळ ओळखण्यावर आहे.

वेळ कशी ओळखावी?

पटावर ही वेळ ओळखण्याच्या काही खुणा आहेत.

पहिली खूण, वजिरांची अदलाबदल. दोन्ही वजीर पटावरून गेले, की राजाला असणारे भय पुष्कळ कमी होते. अशा वेळी किल्लेकोटात बसून राहणारा राजा म्हणजे घरात बसून राहिलेला धडधाकट कामकरी होय. आपल्या मुलांचे डाव पाहताना हीच उणीव वारंवार आढळते : वजीर गेलेले असतात, दोन-चार प्यादी उरलेली असतात, आणि राजा मात्र अजून जी१ वरच्या आपल्या घरात स्वस्थ असतो. शत्रूचा राजा तेवढ्यात चार पावले चालून मध्यावर येतो आणि प्यादी वेचू लागतो.

दुसरी खूण, शत्रूची मोहरी बांधली गेलेली असणे. 1991 मध्ये हॉलंडमधील टिलबर्ग येथे नायजेल शॉर्ट याने यान टिमन याच्याविरुद्ध खेळताना वजीर व हत्ती पटावर असतानाच आपला राजा जी१ वरून एच२, जी३, एफ४, जी५ असा थेट शत्रूच्या राजाकडे चालवीत नेला, आणि टिमनने डाव सोडला. हे वेडे साहस नव्हते. टिमनची सारी मोहरी बचावात अडकलेली होती. त्यांपैकी एकालाही शॉर्टच्या राजावर धावून जाण्याची सवड नव्हती. वाट निर्वेध आहे हे मोजून पाहिल्यावरच राजा निघाला. हा डाव अवश्य पाहावा, पण त्याचे अनुकरण मोजणी न करता कोणी करू नये.

तिसरी खूण, मध्यभाग मोकळा होणे. राजाला कोपऱ्यात तीन घरे आणि मध्यावर आठ, हे गणित आपण केलेच आहे. पट मोकळा होत जातो तसतसा राजा त्या आठ घरांचा धनी होत जातो. विल्हेल्म स्टाइनिट्झ, जो 1886 मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला, तो राजाला लढणारे मोहरे मानीत असे. आणि पुढच्या सर्व श्रेष्ठ खेळाडूंनी डावाच्या अखेरच्या भागात तरी हे मत मान्य केले.

निष्कर्ष

तीनही प्रश्नांची उत्तरे एकत्र केली म्हणजे राजाचे मूल्यमापन असे होते. स्वतःच्या चालीत तो घोड्याहून सरस आहे. इतरांस जोर देण्यात, विशेषतः प्याद्यांना पुढे नेण्यात, त्याच्या तोडीचे दुसरे मोहरे नाही. पण तो पडल्यास होणारी हानी संपूर्ण असल्यामुळे, गर्दीच्या वेळी त्याचे बळ राखून ठेवणे भाग असते. राजा दुबळा नाही. त्याचे बळ उशिरा उपयोगी पडणारे आहे. डावाच्या आरंभी इतरांनी त्याला सांभाळायचे आणि अखेरीस त्याने इतरांना सांभाळायचे, असा हा व्यवहार आहे.

आमच्या गोडादऱ्यात जळगाव, धुळे, नंदुरबार भागांतून येऊन वसलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. कोणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कोणाचे कापडबाजारात; कोणाच्या घरी साड्यांचे काम चालते. लहानपणी घराने मुलाला आडोसा द्यावा आणि पुढे त्याने घराच्या प्याद्यांपुढे होऊन चालावे, हा व्यवहार या घरांना काही नवा नाही. त्यांना पटावरचा राजा समजण्यास कठीण जाऊ नये.

या खेळाला मोठे मैदान लागत नाही की महाग साहित्य लागत नाही. 1955 मध्ये भारतातील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह संपादिले. 1974 मध्ये महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या, आणि त्यांची भगिनी रोहिणी 1981 मध्ये आशियाई विजेती झाली. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. मराठी मुलामुलींना ही वाट मोकळी आहे, हे यावरून दिसून येईल.

स्वाध्याय

१. रिकाम्या पटावर घोड्याला सर्व घरांतून मिळून किती चाली मिळतात, ते मोजा आणि वरील सरासरी पडताळा.

२. पांढरा राजा ई४, पांढरे प्यादे ई५, काळा राजा ई७ ही मांडणी मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी खेळा. काळ्याने ई८ ऐवजी डी८ किंवा एफ८ वर माघार घेतली तर काय होते?

३. रेटीच्या कोड्यात पांढऱ्या राजाने पहिल्या चालीस जी७ ऐवजी एच७ वर पाऊल टाकले, तर डाव का हरतो?

४. आपण नुकताच हरलेला एखादा डाव आठवून मांडा. वजीर गेल्यानंतर आपला राजा किती पावले चालला, ते मोजा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून ठेवावे, आणि पुढील वर्षी पुन्हा मोजून पाहावे.